वर्ध्यातील जुने घर विकत घेताना

पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वसवलेल्या वर्धा शहराच्या जुन्या वस्तीतील शंभर वर्षांचे प्रशस्त घर घेताना आधी जमिनीचे कागद तपासावे लागतात. कारण विदर्भातील शहरांत पुष्कळ भूखंड नझूलचे, म्हणजे शासनाच्या मालकीचे व भाडेपट्ट्याने दिलेले असून, पट्ट्याची मुदत व हस्तांतराच्या अटी न पाहता केलेला व्यवहार पुढे अडकतो. आखीव पत्रिकेवर, अर्थात नगर भूमापनाच्या धारक-नोंदीवर, दिवंगत व्यक्तीचे नाव असल्यास सर्व वारसांच्या सह्या आवश्यक ठरतात. कागदांनंतर बांधकाम पाहावे: घराखालची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या भेगा पाहाव्यात. तसेच भिंतीत रुतलेल्या सागवानी तुळयांची टोके, जिथे ओल आणि वाळवी शिरते, टोचून तपासावीत.