कारखान्याचें सांडपाणी, सूक्ष्म शेवाळ आणि शिंपल्यांची परीक्षा

बटाट्याचे काप करणारे, फळांचा रस काढणारे, दूध नासवून पनीर करणारे असे जे कारखाने आहेत, त्यांच्या सांडपाण्यांत पिष्ट, साखर, नत्र व स्फुरद बरींच असतात. तें पाणी तसेंच ओढ्यांत सोडलें म्हणजे जंतु माजून पाण्यांतील प्राणवायु संपवितात व मासे मरतात. ज्या द्रव्यांसाठीं आपण खताचे पैसे मोजतों, तींच येथें फुकट वाहून जातात!

हीं द्रव्यें परत मिळविण्याचा एक मार्ग म्हणजे सूक्ष्म शेवाळाची लागवड. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील विल्यम ऑस्वाल्ड यांनीं १९५० नंतरच्या दशकांत शहरी मैलापाण्यावर ही रीत बसविली. वीत-दीड वीत खोलीचा हौद, पाणी फिरतें ठेवणारें पात्यांचें चाक आणि भरपूर ऊन एवढीच मुख्य सामग्री. जंतु सेंद्रिय द्रव्य कुजवितांना जो कर्बाम्लवायु सोडतात तो शेवाळ घेतें, आणि शेवाळानें उन्हांत सोडलेला प्राणवायु जंतूंस मिळतो. नत्र व स्फुरद शेवाळाच्या अंगीं लागतात. कारखान्याच्या पाण्यासही हीच रीत लागू पडते. मात्र गढूळ पाण्यांत ऊन शिरत नाहीं, सबब तें आधीं निवळून पातळ करावें लागतें. खरा खर्च पुढें आहे. उघड्या हौदांतील लिटरभर पाण्यांत कोरडें शेवाळ बहुधा एक ग्रॅमही भरत नाहीं. तें वेगळें काढून सुकविणें महाग पडतें. म्हणून तें ओलेंच मत्स्यपालनांत वापरणें बरें, असें आमचें मत आहे. कालवें, शिंपलें व कोळंबीचीं पिलें यांचें तें नैसर्गिक अन्नच होय.

पण शेवाळांत जें असेल तें शिंपल्यांत उतरतें. पाण्यांतील शिसें व कॅडमियम शेवाळ शोषून घेतें. शिवाय समुद्रांतील कांहीं जाती स्वतःच विषारी असतात. १९८७ सालीं कॅनडांतील प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, कित्येकांची स्मृति गेली व किमान तिघे दगावले. शिंपले दिसण्यांत ताजे होते. अर्क टोंचलेले उंदीर विलक्षण रीतीनें अंग खाजवूं लागले, तेव्हां हें नेहमींचें विष नव्हे असा संशय आला. थोड्याच दिवसांत हॅलिफॅक्स येथील शास्त्रज्ञांनीं डोमोइक आम्ल ओळखलें. त्याचें मूळ एका सूक्ष्म शेवाळांत निघालें. पुढें दर किलो मांसांत २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. आपल्या किनाऱ्यावरही १९८३ सालीं मंगळुराजवळ शिंपल्यांतून विषबाधा झाली. तें विष निराळें होतें.

अशीं विषें शिजविल्यानें जात नाहींत आणि वासानें कळत नाहींत. आतां प्रयोगशाळेंत मांसाचा अर्क बारीक नळींतून दाबानें सोडून त्यांतील द्रव्यें वेगळीं करतात व प्रत्येक विष किती तें मोजतात. कोंकणांत खाजणांत कोळंबी वा कालवें पाळणारांनीं कारखान्याचें पाणी घेण्यापूर्वीं तेथें धुण्यास कोणते क्षार व अम्लें वापरतात तें विचारावें, आणि पाणी, शेवाळ व मांस या तिहींची तपासणी करवावी. नमुना एकाच शिंपल्याचा नसावा. हौदाच्या निरनिराळ्या भागांतून अनेक घेऊन एकत्र करावे.