वाजवणारा उठून गेल्यावर

१९५६ साली एमजीएमचा ‘फॉरबिडन प्लॅनेट’ हा अंतराळपट पडद्यावर आला. त्याच्या श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शक सापडत नाही. लुई आणि बेबे बॅरन या पतिपत्नीची नावं आहेत, पण ती ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ अशा विचित्र शब्दांपुढे. संपूर्ण पार्श्वसंगीत इलेक्ट्रॉनिक असलेला हा पहिला मोठा व्यावसायिक चित्रपट. वादकांच्या संघटनेशी तंटा नको, म्हणून ‘संगीत’ हा शब्दच टाळला गेला.

तंट्यामागचा प्रश्न मात्र खरा होता. हे वाजवलं कुणी?

बॅरन दांपत्यानं नॉर्बर्ट वीनर यांचं ‘सायबरनेटिक्स’ वाचलं होतं. त्यातून सुचलेली व्हॅक्यूम ट्यूबची सर्किटं ते न्यूयॉर्कच्या आपल्या स्टुडिओत बांधत आणि त्यांच्यात सोसवेल त्याहून अधिक वीज सोडत. सर्किट कण्हे, किंचाळे आणि शेवटी जळून जाई. तेच सर्किट पुन्हा बांधलं तरी तोच आवाज पुन्हा मिळेलच असं नसे. म्हणून सारं टेपवर धरून ठेवायचं. मग टेप कापायची, सावकाश फिरवायची, एकावर एक चढवायची. आवाज सर्किटाचा, निवड या दोघांची.

त्या चित्रपटात क्रेल नावाची एक नामशेष प्रजा आहे. ती कधीच संपली, पण तिनं बांधलेलं अजस्र यंत्र जमिनीखाली अजून चालूच आहे. मॉड्युलर सिंथेसायझरवर एक प्रसिद्ध रचना या प्रजेच्या नावानं ओळखली जाते : ‘क्रेल पॅच’. अमेरिकन संगीतकार टॉड बार्टन यांनी ती बुक्ला सिंथेसायझरवर करून दाखवली आणि ती जगभर पसरली. वायरी जोडायच्या आणि बाजूला व्हायचं. पुढे यंत्र आपलं आपण वाजत राहतं.

हे कसं घडतं ते समजायला फार विद्युतशास्त्र लागत नाही. रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी १९६०च्या दशकात, एकमेकांपासून दूर राहून, सुट्या खोक्यांची वाद्यं बनवली. एक खोकं नाद निर्माण करतं, दुसरं तो गाळतं, तिसरं त्याला चढउतार देतं. ही खोकी म्हणजे मॉड्यूल्स, आणि ती वायरींनी जोडून केलेली मांडणी म्हणजे पॅच. मॉड्यूल्स एकमेकांशी व्होल्टेजच्या भाषेत बोलतात. मूग यांच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. आता गंमत अशी की, हा व्होल्ट पट्टी दाबणाऱ्या बोटानं पाठवला की शेजारच्या मॉड्यूलनं, हे नाद काढणाऱ्या खोक्याला कळत नाही. वादकाची जागा रिकामी होते ती इथे.

क्रेल पॅचमध्ये ती जागा तीन गोष्टी भरतात. एक, सतत अस्थिर असलेला विजेचा खरखराट. दोन, ‘सॅम्पल अँड होल्ड’ : हे मॉड्यूल टिचकी मिळताच खरखराटाचं त्या क्षणीचं व्होल्टेज टिपतं आणि पुढच्या टिचकीपर्यंत तेच धरून ठेवतं. त्यावरून स्वर ठरतो. तीन, स्वर किती वेळात उमलावा आणि विरावा हे ठरवणारं ‘एन्व्हलप’. या वेळाही तशाच टिपलेल्या व्होल्टेजवर सोपवलेल्या असतात. आणि खरी कळ म्हणजे, स्वर पुरता विरला की एन्व्हलप स्वतःच पुढची टिचकी देतं. प्रत्येक स्वर आपलं आयुष्य संपवून पुढच्याला जन्म देतो. ठोका कुठेच नाही. ऐकताना कुणी झोपेत श्वास घेतंय असं वाटतं.

पहिली काही मिनिटं माणूस थक्क होतो. मग कंटाळतो. निव्वळ योगायोगाइतकं एकसुरी दुसरं काही नाही, कारण त्यात प्रत्येक स्वराला सारखंच वजन असतं.

व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या मोफत मॉड्युलर सिंथेसायझरवर मी एकदा त्यावर तोड काढू पाहिली. व्होल्टेजला जवळच्या ठरलेल्या स्वरावर बसवणारं ‘क्वांटायझर’ घेतलं आणि त्यात फक्त सा रे ग प ध ठेवले. आई शेजारच्या खोलीत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “भूप आहे की देशकार?” मला सांगता येईना. दोन्ही रागांचे स्वर हेच पाच. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत; भूप पूर्वांगात रमतो, देशकार उत्तरांगात; एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. माझ्या यंत्राकडे पाच स्वर होते, चलन नव्हतं. ते दोन्ही राग वाजवत नव्हतं.

चलन म्हणजे काही अंशी आठवण. आत्ता जे वाजलं त्याचं पुढच्या स्वरावर ओझं हवं. ते आणण्याचा एक मार्ग टॉम व्हिटवेल यांच्या ‘ट्युरिंग मशीन’ या मॉड्यूलमध्ये दिसतो. आत सोळा घरांची एक फिरती रांग असते. प्रत्येक घरात हो किंवा नाही. रांग दर ठोक्याला एक घर सरकते आणि शेवटचं उत्तर पुन्हा सुरुवातीला येतं. बटण मध्यावर असलं की ते परतताना दर वेळी नाणेफेक होते, म्हणजे सगळं बेभरवशाचं. उजवीकडे टोकाला नेलं की एकच ओळ अखंड घोकली जाते. टोकाच्या किंचित अलीकडे मात्र ओळ ओळखीची राहते, मधूनच एखादा स्वर निसटतो आणि त्याच्या जागी आलेला नवा मुक्कामाला राहतो. मुखड्याकडे परतण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हे लगेच पटतं.

मी गंधाराला जास्त वजन दिलं, बटण त्या अलीकडच्या जागी ठेवलं, काही टिचक्या मुद्दाम गिळू दिल्या. आई म्हणाली, “आता भूपाकडे झुकतंय. पण गाणाऱ्याला ठाऊक नाहीये.” माझ्या मते यातच सारं आलं. एकही स्वर मी वाजवला नव्हता, आणि तरी कोणता स्वर किती वेळा यावा, कुठे गप्प राहावं, कोणती गोष्ट नशिबावर सोडावी, हे माझंच होतं. त्याला रचना म्हणायला मी कचरत नाही. भूप म्हणायला कचरतो.

पॅचला आणखी एक दुखणं आहे. वायरी उपसल्या की तो गेला. त्याची स्वरलिपी नसते. फार तर जोडण्यांचं टिपण किंवा फोटो, आणि बटणाच्या केसभर फरकानं तोही खोटा ठरतो. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करायला मदत केली. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केलं आणि पुढे त्या टेप कित्येक दशकं संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानं त्या धुंडाळून काढल्या आणि २०२३मध्ये त्यांतलं निवडक ‘द एनआयडी टेप्स’ या नावानं प्रसिद्ध झालं. ते आज कुणालाही ऐकता येतं, रचनाकारांच्या नावांसह. कोणती वायर कुठे जोडली होती, हे त्यातून कानाला अंदाजानंच काढावं लागतं.