पायऱ्यांच्या खालचे घारापुरी

‘लेणी तर सगळेच पाहतात. तू एकदा घरी ये,’ असे सर मला दर उन्हाळ्यात म्हणत. वाशीच्या ज्या शाळेत मी नवखा शिक्षक म्हणून लागलो, तिथे ते मराठी शिकवीत. वर्गात कसे उभे राहावे इथपासून मुलांच्या वह्या कशा तपासाव्यात इथपर्यंत सारे मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांचे घर घारापुरीला होते. जगाला एलिफंटा म्हणून ठाऊक असलेल्या बेटावर.

अखेर १९९३ च्या मे महिन्यात योग आला. गेटवेहून तासाभरात बेटावर जाता आले असते. पण सर म्हणाले, ‘तो पाहुण्यांचा रस्ता. आपला उरणवरून.’ एस.टी.ने आम्ही निघालो. जासई आले तसे बोलता बोलता सर गप्प झाले. १९८४ च्या जानेवारीत, सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींना न्याय्य भाव मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ‘तू ज्या शहरात राहतोस, त्याचा पाया इथं आहे,’ एवढेच सर म्हणाले.

मोरा बंदरावर पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. धक्क्यापुढे नुसता चिखल. मी सारखा घड्याळ पाहू लागलो, तशी सर हसले. ‘इथं घड्याळ समुद्राच्या हातात असतं.’ लहानपणी पुढच्या शिक्षणासाठी ते असेच पाणी ओलांडून उरणला येत. पावसाळ्यात होडी बंद झाली की नातलगांकडे राहायचे. दोन तासांनी भरती चढली, मचवा हलला आणि इतकी वर्षे ऱ्हस्व-दीर्घाची चूक खपवून न घेणारे सर तांडेलाशी खास आगरीत बोलू लागले. त्यांचा आवाजही बदलला. त्या दिवशी मला ते प्रथमच पुरते भेटले, असे वाटले.

बेटावर तीन वस्त्या आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. प्रवासी शेतबंदराला उतरतात, शंभरावर पायऱ्या चढून लेण्यांत जातात, सहाव्या शतकातल्या त्या सुमारे वीस फुटी सदाशिवापुढे स्तब्ध होतात आणि शेवटच्या लाँचने परततात. १९८७ साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला. पायऱ्यांच्या खाली मात्र सरांच्या आई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढत होत्या. मी हंडा घ्यायला पुढे झालो, तर म्हातारी हसली आणि तशीच पुढे गेली.

रात्री तांदळाची भाकरी, चिंबोरीचे कालवण आणि जवळ्याची चटणी. आग्रह असा, की नाही म्हणणे जमू नये. जेवून ओट्यावर बसलो. पश्चिमेला मुंबईच्या आकाशात उजेडाचा पट्टा, पूर्वेला १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराचे दिवे. मधोमध आम्ही, आणि आमच्यामध्ये एक कंदील. विजेची तार अजून बेटावर पोहोचलीच नव्हती. ‘मी उरणहून यायचो तेव्हा आई हाच कंदील दारात टांगायची,’ सर म्हणाले. मग थोडे थांबून, ‘तू लिहितोस ना? मग इथल्या माणसांवर लिही एकदा.’

परतल्यावर मी लिहिले. शाळेच्या वार्षिकांकात, चांगली चार पाने. शिल्पांचे सौंदर्य, पोर्तुगीजांनी ज्यावरून बेटाला नाव दिले तो दगडी हत्ती, भायखळ्याला त्याचे झालेले स्थलांतर, सगळे आले. सरांनी लेख वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘छान झालाय. माणसं कुठं आहेत?’

मला उत्तर देता आले नाही. पुढे बदल्या झाल्या, संसार वाढला, लिहायचे राहून गेले. सर २०११ साली गेले. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटावर वीज आली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! ती बातमी वाचताना मला सदाशिव आठवला नाही. ओट्यावरचा तो कंदील आठवला.

गेल्या महिन्यात पुन्हा जाऊन आलो. आता उरणपर्यंत लोकल जाते. २०२४ साली खुल्या झालेल्या अटल सेतूवरून गाड्या खाडी झरझर ओलांडतात. मोऱ्याला मात्र ओहोटीच होती. या वेळी मी घड्याळ पाहिले नाही. सरांच्या घरात त्यांची नात ट्यूबलाइटखाली अभ्यास करीत होती. कंदील खुंटीला होता, काच पुसलेली.

सर, लेख उशिरा झाला. या वेळी माणसे आहेत.