नावाची नोंद कोणाच्या नावावर?



मागील खेपेस मी आपल्यापुढे रक्तदाबाविषयी बोलले होते. या वेळी चिटणीसांनी वेबसाइटच्या नावाचा विषय सुचविला, तेव्हा मला हसू आले. मी नर्सिंगची पदविका घेतलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. परंतु हा विषय माझ्या घरात एका संकटाच्या रूपाने आला आणि नाइलाजाने मला तो शिकावा लागला.

माझी भाची न्यू जर्सीत आपल्या सणांचे पदार्थ करून विकते. रोश हशानाचा चिकाचा हलवा ही तिची मुख्य विक्री. तिला दुकान नाही. वेबसाइट हीच तिची पाटी. एका वर्षी सणाला तीन आठवडे उरले असता ती पाटी एका सकाळी नाहीशी झाली. त्याच नावावर चालणारी तिची ई-मेलही बंद पडली. गहू आणि नारळाचे दूध घरात येऊन पडले होते आणि मागणी नोंदविण्याची वाटच उरली नव्हती.

शोध घेता कळले की, वेबसाइट तयार करून देणाऱ्या तरुणाने ते नाव स्वतःच्याच खात्यात, स्वतःच्याच नावावर नोंदविले होते. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होत्या आणि त्याच्या कार्डाची मुदत संपली होती. त्याच्या मनात कपट नव्हते; तो गाव सोडून गेला होता, इतकेच.

आता हे नाव म्हणजे काय, ते सांगते. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. तो माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून त्यास एक नाव जोडतात. त्यास डोमेन म्हणतात. या व्यवस्थेचे नियम 1998 साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन ही संस्था पाहते. ‘डॉट कॉम’ची मूळ वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते आणि आपण तिच्यात नोंद करतो ती रजिस्ट्रार म्हणविणाऱ्या कंपन्यांमार्फत. आपण नाव विकत घेतले असे म्हणतो खरे, पण ते भाड्याने असते: एका वेळी कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. पैसे कोणी भरले यापेक्षा नोंदीत धारक म्हणून कोणाचे नाव आहे, यालाच महत्त्व असते. वॉर्डात नातेवाईक काहीही सांगोत, आम्ही रुग्णाच्या मनगटावरील पट्टीच वाचत असू. तसेच हे.

मुदत संपताच नाव लगेच दुसऱ्याचे होत नाही. बहुतेक कंपन्या काही दिवस, फार तर 45, नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर 30 दिवस ते सोडवून घेता येते, परंतु कितीतरी पट दंड भरून. पुढे 5 दिवस काहीच करता येत नाही आणि मग जगातील कोणीही ते घेऊ शकतो. आमचे नाव त्या दंडाच्या काळात होते आणि सोडविण्याची किल्ली फक्त त्या तरुणाकडे. ओळखीच्यांकडून विचारीत विचारीत आम्ही त्याला गाठले. सणाच्या सहा दिवस आधी नाव परत मिळाले. तोवर निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके दुसरीकडे गेली होती. नंतर भाचीने ते नाव स्वतःच्या खात्यात घेतले. खात्यात संपर्कासाठी दिलेली ई-मेल त्याच डोमेनची ठेवू नये, हेही आम्हांला तेव्हाच उमगले. नाव बंद पडले की, बंद पडल्याची सूचनाही आपल्यापर्यंत पोहोचत नाही!

नाव निवडण्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. आपल्या आडनावांतील ‘कर’ कोणी ए घालून लिहितो, कोणी ई घालून. दिवेकरांचा ‘व’ कोणाला व्ही वाटतो, कोणाला डब्ल्यू. भाचीला प्रथम ‘चीक’ हा शब्द नावात हवा होता. मी तो शब्द शेजारणीला फोनवर ऐकविला, तर तिने कोंबडीचे पिल्लू लिहिले आणि हलव्यात मांस असते का, असे विचारले! आपण मांसाहारानंतरही खाता यावा म्हणून नारळाच्या दुधात करतो तो पदार्थ, आणि त्याच्या कपाळी हे! म्हणून नाव फोनवर एकदाच उच्चारावे आणि समोरच्याने ते बरोबर लिहिले तरच पसंत करावे. मध्ये आडवी रेघ नको. हलव्याचेही डब्ल्यू आणि व्ही असे दोन अवतार आहेत. भाचीने दोन्ही नोंदवून दुसरा पहिल्याकडे वळविला. खर्च वर्षाला दहा-वीस डॉलरच्या आसपास. पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला मात्र भुलू नये. दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारावा.

नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी भिडत नाही ना, हे सरकारी पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर विनामूल्य पाहता येते. उझी निस्सान यांची कथा आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. जेरुसलेममध्ये जन्मलेले हे गृहस्थ नॉर्थ कॅरोलायनातील राली येथे 1980 पासून आपल्या आडनावाने, म्हणजे आपल्या पेसाहच्या महिन्याच्या नावाने, व्यवसाय करीत होते. 1994 साली त्यांनी ‘निस्सान डॉट कॉम’ नोंदविले. 1999 च्या अखेरीस त्याच नावाच्या मोटारकंपनीने त्यांच्यावर 1 कोटी डॉलरचा दावा लावला. खटला कित्येक वर्षे चालला. मोटारींच्या जाहिराती त्या पानावर करण्यास त्यांना मनाई झाली, पण नाव त्यांच्याकडेच राहिले. 2020 साली कोविडने त्यांचे निधन झाले तेव्हाही ते त्यांचेच होते. खर्चाने मात्र ते पिळून निघाले. आपल्या आडनावाचा अभिमान मलाही आहे, तरीही तेच नाव दुसऱ्या मोठ्या व्यापाराचे असेल तर मी भाचीला दुसरे शोधावयास सांगेन.

अखेरची सूचना माझ्या वयाच्या मंडळींना. नाव नोंदविल्यानंतर काही महिन्यांनी टपालाने एक पत्र येते. दिसते हुबेहूब बिलासारखे. वर आपले डोमेन, खाली मुदत आणि रक्कम. पाठविणारी कंपनी आपली नसतेच. चेक पाठविला की आपण नकळत नाव तिच्याकडे हलविण्यास संमती देऊन बसतो. भाचीला आलेले असे एक पत्र मी आज सोबत आणले आहे. मागच्या टेबलावर ठेवते. जाताना सर्वांनी बारीक अक्षरांसकट वाचून पाहावे.