जुना कॉम्प्युटर भंगारात काढताय? थांबा, आधी हे वाचा

ग्रामपंचायत, शाळेची लॅब, विकास सोसायटी, झेरॉक्सचं दुकान... ग्रामीण भागात अनेक ठिकाणी अजूनही विंडोज 10 वर चालणारे कॉम्प्युटर आहेत. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट बंद केला. तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातोय : आता नवीन मशीन घ्यावं लागणार का?

नेमकं झालं काय?
सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त करणारे मोफत अपडेट नेहमीसारखे येत नाहीत. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ आहे. संस्थांसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे. ज्या मशीनवर रोज लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक स्कॅन होतात, तिथे विनाअपडेट काम करणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यासारखं आहे.

विंडोज 11 का चालत नाही?
त्यासाठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. साधारण 2018 आधीचे बहुतेक कॉम्प्युटर यात बसत नाहीत. म्हणजे मशीन ठणठणीत, पण कंपनीच्या यादीत नाही!

दुसरा रस्ता : लिनक्स
फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सची सुरुवात केली. हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही पाहू शकतो, सुधारू शकतो, वाटू शकतो. लायसन्सचे पैसे नाहीत, 'क्रॅक' मारायची गरज नाही. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून मुलं अशाच सॉफ्टवेअरवर शिकतात. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे. 'लिनक्स मिंट'ला किमान 2 जीबी रॅम पुरते, 4 जीबी असेल तर काम सुरळीत होतं. पत्रं आणि हिशोबासाठी लिबरऑफिस आहे, त्यात युनिकोड मराठी व्यवस्थित टाइप होतं.

अडचणी कोणत्या?
टॅली, जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, बोटांचे ठसे घेणारं मशीन, डिजिटल सहीचं टोकन यातलं बरंच काही विंडोज धरूनच बनलेलं असतं. अशा कामासाठी एक मशीन विंडोज 11 चं ठेवून बाकीची लिनक्सवर नेता येतात. प्रिंटर-स्कॅनर चालतो का, हेही आधी बघावं.

सुरुवात कशी करायची?
लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन कॉम्प्युटर त्यावरून सुरू करता येतो. काहीही इन्स्टॉल न करता सगळं तपासून बघता येतं. पटलं तरच पुढे जायचं, आणि त्याआधी सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्यायचा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर वेगातला फरक लगेच जाणवतो.

हवामानाशी काय संबंध?
लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच हवेत गेलेला असतो. त्यामुळे आहे तेच मशीन आणखी चार-पाच वर्षं वापरलं तर तेवढं नवीन उत्पादन टळतं. भंगारात गेलेल्या वायरी तांब्यासाठी जाळल्या की विषारी धूर गावातच पसरतो. खरंच निकामी झालेलं मशीन ई-कचरा नियम 2022 नुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवं.

पैसे मोजून घेतलेलं मशीन कधी निवृत्त करायचं, हे ठरवण्याचा हक्क मालकाचा आहे. पुढच्या मासिक सभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत नवीन खरेदीचा विषय आला, तर आधी एक पेनड्राइव्ह लावून बघा. तेवढ्यासाठी टेंडर काढावं लागत नाही.