विहिरीकडे परतणारे पाणी

पुष्कळ वस्त्यांवर शेतीची व पिण्याची विहीर एकच असते. फवारणीचे औषध कालविताना पंपाच्या नळीचे तोंड पिंपात बुडवून ठेवण्याची रीतही बरीच रूढ आहे. अशा वेळी वीज गेली आणि विहिरीतील फूट व्हॉल्व्ह गळका असला, म्हणजे नळातील पाणी स्वतःच्या भाराने खाली उतरू लागते व आपल्यामागून पिंपातील विषारी द्रावण ओढून नेते. ठिबक संचातून युरिया देतानाही हाच धोका संभवतो. युरियाचे पुढे नायट्रेट बनते. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला 45 मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. तान्ह्या मुलांना ते विशेष बाधते, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही.

यास्तव पंप व खताची टाकी यांच्या दरम्यान नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवितात. त्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेस असावा. परंतु एकदा बसविला की चिंता मिटली, ही समजूत घातक होय. रेतीचा कण अडकला वा रबर झिजले की तो गळतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दरवर्षी खत सोडण्यापूर्वी तो काढून, बाणाच्या टोकाकडील तोंड वर धरून त्यात पाणी भरावे. खाली थेंब ठिबकल्यास आतील भाग धुऊन पुन्हा पाहावे. तरीही गळल्यास रबर, अथवा सबंध व्हॉल्व्हच, बदलावा.

पिंप भरताना मात्र नळीचे तोंड काठाच्या वर, नळीच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर बांधावे. त्यास सुतळीचा एक तुकडा पुरतो.