यादीतील पर्याय

रेल्वेचे आरक्षण असो, परीक्षेची नोंदणी असो वा बँकेतील खाते असो, अनेक कामांसाठी आज संगणकाच्या पडद्यावर अर्ज भरावा लागतो. अर्जातील काही रकान्यांत माहिती लिहायची असते, तर काहींच्या कडेला एक छोटा बाण असतो. त्यावर क्लिक केले की पर्यायांची यादी खाली उघडते. तिला ‘ड्रॉपडाउन यादी’ म्हणतात.

या यादीमुळे माहितीत एकसारखेपणा येतो. एकाच शहराचे नाव कोणी ‘मुंबई’, कोणी ‘मुम्बई’, तर कोणी ‘बॉम्बे’ असे लिहितो. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे ठरतात. यादीतून निवड केल्यास हा घोटाळा टळतो.

यादी भरण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. वारांची किंवा महिन्यांची नावे बदलत नाहीत. ती प्रोग्राममध्येच लिहून ठेवता येतात. जिल्ह्यांचे मात्र तसे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. अशी बदलणारी नावे डेटाबेसमधील स्वतंत्र तक्त्यात ठेवतात व अर्ज उघडताना तेथून यादीत आणतात. मग बदल एकाच ठिकाणी करावा लागतो.

यादीतील प्रत्येक नोंदीला सहसा दोन भाग असतात : वाचकाला दिसणारे नाव आणि संगणक साठवतो तो सांकेतिक क्रमांक. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. केवळ नावच साठवले असेल, तर जुन्या व नव्या नोंदी दोन वेगळ्या जिल्ह्यांच्या वाटतील. क्रमांक साठवला असेल, तर तो तसाच राहतो, फक्त दिसणारे नाव बदलते.

एक यादी दुसरीवर अवलंबूनही असते. देशात सातशेहून अधिक जिल्हे आहेत. ते सर्व एकदम दाखवले तर शोधणारा गोंधळून जाईल. म्हणून आधी राज्य विचारतात. ‘केरळ’ निवडले की पुढील यादीत तेथील १४ जिल्हेच येतात.

नावांचा क्रमही विचारपूर्वक लावावा लागतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोड या संकेतप्रणालीत मात्र त्याचे स्थान ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. तसेच पहिले नाव आपोआप निवडलेले नसावे. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या राज्यांच्या यादीत अंदमान आणि निकोबार पहिले येते. घाईत अर्ज भरणारा नकळत तेथील रहिवासी ठरू शकतो. यासाठी आरंभी ‘राज्य निवडा’ अशी सूचना ठेवतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यादीत नसलेल्या पर्यायाचा असतो. शिक्षणाची यादी ‘दहावी उत्तीर्ण’पासून सुरू होत असेल, तर सातवीनंतर शाळा सुटलेल्या व्यक्तीने काय निवडावे? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख मान्य केली. तरीही यादीत ‘स्त्री’ व ‘पुरुष’ एवढेच पर्याय असतील, तर त्यांना खोटी माहिती द्यावी लागते किंवा अर्ज अपुरा सोडावा लागतो. कागदी अर्जाच्या समासात दोन शब्द लिहिता येत. यादी ती मुभा देत नाही. म्हणून ती तयार करणाऱ्याने अर्ज कोणकोण भरणार आहे याचा आधी विचार करावा आणि ‘इतर’ या पर्यायाबरोबर लिहिण्यासाठी मोकळी जागाही ठेवावी.